आधी विचारा, कोणत्या राज्याचं?

नमस्कार मंडळी.

न्यूयॉर्कमध्ये ‘अस्सल मेक्सिकन जेवण कुठे मिळतं?’ असं विचारलं की दहा जण दहा पत्ते देतात, आणि खाऊन आलेला माणूस तरीही हळहळतो. दोष पत्त्यांचा नसतो, प्रश्न सैल असतो. परगावी ‘भारतीय जेवण’ मागितलं की पुढ्यात बटर चिकन आणि नान येतं. ते खोटं नसतं, पण पिठलं-भाकरी हवी असलेल्याचं पोट त्यानं भरत नाही. मेक्सिकोत राजधानी धरून ३२ राज्यं आहेत. उत्तरेकडच्या सोनोरात गव्हाची तोर्तिया, म्हणजे तिथली पातळ पोळी, ही घरची रोजची गोष्ट, तर दक्षिणेकडच्या ओआहाकात मक्याशिवाय पान हलत नाही. म्हणून ‘गव्हाची दिसली की नकली’ हा नियमही चालत नाही. विचारायचं ते असं : इथला स्वयंपाकी कोणत्या राज्याचा, आणि तोर्तिया कुठून येते?

न्यूयॉर्कपुरतं पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा पुएब्ला. या शहरात आलेल्या मेक्सिकन लोकांत पुएब्ला राज्यातले फार. गेर्रेरो आणि ओआहाकाचेही पुष्कळ. त्यामुळे इथे कॅलिफोर्नियाच्या धर्तीचा बरीटो, म्हणजे गव्हाच्या मोठ्या तोर्तियात गुंडाळलेलं सारण, शोधत बसण्यापेक्षा पुएब्लाचे पदार्थ शोधावेत. सेमिता हा त्यातला पहिला. तीळ लावलेला गोल पाव, आत पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला मांसाचा पातळ तुकडा, अवोकाडो, चिपोत्ले मिरची, दोऱ्यासारखं सुटणारं पांढरं चीज आणि पापालो नावाचा पाला. पापालोचा वास उग्र असतो, कोथिंबीर त्याची जागा घेऊ शकत नाही. उन्हाळ्यात हा पाला ताजा मिळतो. तो आहे का, एवढं विचारलं तरी दुकानदाराला कळतं की समोरच्याला सेमिता माहीत आहे. दुसरा पदार्थ ताको आराबे. ताको म्हणजे दुमडलेल्या तोर्तियात भरलेलं सारण. मध्यपूर्वेतून पुएब्लात आलेल्या लोकांनी उभ्या सळईवर मांस भाजण्याची पद्धत आणली, ती डुकराच्या मांसाला लावली गेली. हा ताको गव्हाच्याच जाडसर रोटीत मिळतो, आणि तोच खरा.

आता जायचं कुठे? न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात पुलावरून धावणाऱ्या ७ नंबरच्या मेट्रोखालून रूझवेल्ट अॅव्हेन्यू धावतो. ७४व्या रस्त्याला उतरलं की भारतीय किराण्याची दुकानं आहेत, ती आपल्या बहुतेकांना पाठ असतात. तिथून पूर्वेला चालत सुटा. ८२वा रस्ता, जंक्शन बुलेव्हार्ड, मग १०३व्या रस्त्यावरचा कोरोना प्लाझा. गाडीनं जायचं तर गोलात ७ लिहिलेली गाडी पकडा. चौकटीच्या आकारातली ७ जलद असते, ती १०३व्याला थांबत नाही. ब्रुकलिनमध्ये सनसेट पार्कचा पाचवा अॅव्हेन्यू आणि मॅनहॅटनमध्ये ईस्ट हार्लेमचा ११६वा रस्ता, ही आणखी दोन ठिकाणं.

वेळ मात्र पाळायला हवी. तामालेस, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून पानात गुंडाळून वाफवलेला पदार्थ, हा सकाळचा नाश्ता. कामावर जाणाऱ्यांसाठी हातगाड्यांवर तो भल्या पहाटेपासून मिळतो आणि ऊन चढेपर्यंत संपलेला असतो. सोबत आतोले, म्हणजे मक्याच्या पिठाचं गरम पेय. बार्बाकोआ, म्हणजे वाफेवर रात्रभर शिजवलेलं बोकडाचं किंवा मेंढीचं मांस, बहुतेक ठिकाणी फक्त शनिवार-रविवारी. मंगळवारी संध्याकाळी जाऊन ‘इथे काही नाही’ म्हणणं त्या दुकानावर अन्याय आहे. आल पास्तोर, म्हणजे उभ्या सळईवर भाजलेलं मसाल्याचं डुकराचं मांस, मागण्याआधी उभी सळई फिरतेय का ते बघा. सळई नसेल तर तेच मसाला लावलेलं मांस तव्यावर परतून देतात. चव बरी लागते, पण कडेचा भाजलेला कुरकुरीतपणा येत नाही.

दुसरा प्रश्न तोर्तियाचा. माझ्या मते तोच निर्णायक, म्हणून तिथे थोडं थांबू.

मका नुसता दळला तर त्याची तोर्तिया होत नाही. आधी तो चुन्यात शिजवतात. त्या मक्याला निक्स्तमाल म्हणतात. १ किलो वाळलेला टणक मका, १० ग्रॅम खाण्याचा चुना, ३ लिटर पाणी. स्टीलच्या भांड्यात, कारण अॅल्युमिनियम चुन्यानं खराब होतं. मंद आचेवर ३० ते ४५ मिनिटं, मग झाकून रात्रभर. सकाळी दाणे चोळून धुतले की साल सुटतं. दाणा मधोमध तोडला तर आत किंचित पांढरा, कच्चा ठिपका दिसायला हवा. ठिपका नसेल तर जास्त शिजलाय, दळल्यावर पीठ चिकट होणार. चुना जास्त झाला तर कडवटपणा येतो, कमी पडला तर साल सुटत नाही आणि पीठ बांधलं जात नाही. मक्यात ग्लूटेन नसतं. चुन्यानं सालीतला चिकट अंश मोकळा होतो आणि त्यावर पीठ धरून राहतं. ज्वारीच्या भाकरीला उकळतं पाणी घालावं लागतं, त्याच अडचणीचा हा वेगळा तोडगा. चुन्यानं मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्वही शरीराला मिळू लागतं. युरोपनं मका नेला, चुना नेला नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा आजार झाला.

पानवाल्याकडचा ओला चुना इथे वापरू नका. त्यात पाणी किती ते कळत नाही, त्यामुळे माप चुकतं. मेक्सिकन किराण्यात ‘काल’ नावानं कोरडी पूड मिळते. आणि भारतीय दुकानातलं मक्याचं पीठ मक्की दी रोटीचं असतं, चुन्यात न शिजवलेलं, त्याची तोर्तिया तुटते. कॉर्नफ्लोअर तर नुसता स्टार्च. घरी सोपं हवं असेल तर ‘मासा हारिना’, म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचं कोरडं पीठ, असं लिहिलेली पिशवी घ्या : २ वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी, २० मिनिटं झाकून. लिंबाएवढा गोळा प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून बघा. कडा फाटल्या तर पाणी कमी, प्लास्टिकला चिकटला तर जास्त. तवा चांगला तापलेला हवा, नाहीतर तोर्तिया फुगत नाही, चामड्यासारखी होते.

दुकानात ओळख सोपी. ताज्या तोर्तियाला ओल्या मातीसारखा, चुन्याचा हलका वास येतो आणि ती दुमडली तरी चिरत नाही. ‘एचा आ मानो’, म्हणजे हातानं केलेली, अशी पाटी असेल तर जाड आणि वेड्यावाकड्या कडेची तोर्तिया मिळेल. पातळ तोर्तिया दोन-दोन दिल्या म्हणून नाक मुरडू नका, मेक्सिकोतही रस्त्यावर तसंच देतात.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. ‘सिन कार्ने’, बिनमांसाचं, एवढं सांगून भागत नाही. घोटलेल्या राजम्यात आणि तामालेसच्या पिठात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. विचारायचं ते असं : ‘येवा मान्तेका?’ चरबी आहे का? ‘येवा काल्दो दे पोयो?’ कोंबडीचा रस्सा आहे का? मग निवडुंगाच्या पानांचे नोपालेस, भोपळ्याच्या फुलांची केसादिया (दुमडून भाजलेली भरली तोर्तिया), नाहीतर मक्यावर येणाऱ्या काळ्या बुरशीची, उइत्लाकोचेची केसादिया मागा. त्लाकोयो दिसला तर तो आधी घ्या : लांबट जाड मक्याची भाकरी, आत घेवडा भरलेला, वर नोपालेस आणि हिरवी चटणी. तव्यावरून उतरल्या उतरल्या खायचा, गार झाला की घट्ट होतो.