न पिवळी पडणारी कावीळ

नमस्कार. विषय विषाणूंमुळे होणाऱ्या कॅन्सरचा आहे, पण सुरुवात शाळेतल्या जेवणाच्या टेबलापासून करते. १९७० च्या दशकात अलास्कातल्या दोन दुर्गम गावांत काही संशोधक गेले. मुलांची लाळ, अंगावरच्या चिघळलेल्या फोडांतला स्राव, घरातल्या आणि शाळेतल्या वस्तूंवरून पुसून घेतलेले नमुने, असं सगळं त्यांनी तपासलं. या साऱ्यांत यकृताला ग्रासणाऱ्या हिपॅटायटिस बी या विषाणूच्या आवरणातलं प्रथिन सापडलं. मुलं ज्या टेबलावर जेवत होती, त्या टेबलावरसुद्धा.

हिपॅटायटिस बी म्हटलं की आपल्याला दूषित सुई आठवते, रक्त चढवणं आठवतं. पण हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. अलास्काच्या पश्चिमेला युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्यांचा प्रचंड त्रिभुज प्रदेश आहे. तिथे युपिक या मूलनिवासी लोकांची छोटी छोटी गावं आहेत. हिवाळा लांबलचक, घरं लहान, एका घरात माणसं पुष्कळ आणि बऱ्याच घरांत नळाचं पाणी नाही. मुलं एकमेकांना बिलगून झोपणार, एकाच्या खरचटलेल्या गुडघ्याचा स्राव दुसऱ्याच्या ओरखड्याला लागणार. संसर्ग पसरायला इतकं पुरतं. आईकडून बाळाला जन्माच्या वेळी होणारा संसर्गही होताच, पण इथे मोठा वाटा मुलांकडून मुलांकडे जाणाऱ्या संसर्गाचा होता.

आता गाभ्याकडे येते. आपल्या भाषेत या आजाराला आपण 'कावीळ' म्हणतो. त्या शब्दात पिवळेपणा आहे: डोळे पिवळे, लघवी पिवळी, मग कोणी पथ्य सांगतं, कोणी कावीळ उतरवायला घेऊन जातं. पण ज्या मुलाला हा विषाणू अगदी लहानपणी गाठतो, ते मूल बहुतेक वेळा पिवळं पडतच नाही. ते हसतं, खेळतं, शाळेत जातं. आईला कळत नाही, डॉक्टरलाही कळत नाही.

असं का होतं? हा विषाणू यकृताच्या पेशीला स्वतः फारसा मारत नाही. आपली प्रतिकारशक्ती त्याला हुडकत त्या पेशींवर तुटून पडते, आणि त्या लढाईत यकृताला जी इजा होते ती म्हणजे कावीळ. मोठ्या माणसात ही लढाई जोरात होते. माणूस आजारी पडतो, पण शंभरातले पंच्याण्णवहून अधिक जण विषाणूला हाकलून लावतात. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती मात्र त्याला परका म्हणून ओळखतच नाही. लढाईच होत नाही आणि पाहुणा घरात कायमचा राहतो. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे नव्वद टक्के आयुष्यभराचे वाहक होतात. एक ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण साधारण तीस टक्क्यांच्या आसपास असतं. विषाणू तोच, फरक फक्त वयाचा.

मग वर्षानुवर्षं तो यकृतात मुक्काम ठोकतो. त्याच्या जनुकांचे तुकडे आपल्या पेशीच्या जनुकांत घुसतात, आणि कधीतरी एखादी पेशी ताबा सोडून वाढू लागते. इतर कारणांनी होणारा यकृताचा कॅन्सर सहसा आधी यकृत आक्रसून, कडक होऊन, मग होतो. हिपॅटायटिस बी मात्र ती पायरी गाळूनही कॅन्सर करू शकतो. म्हणून तो किशोरवयातही होऊ शकतो.

अलास्कात नेमकं हेच होत होतं. यकृताचा कॅन्सर हा म्हातारपणाचा आजार असं आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. तिथे शाळकरी मुलं त्याने मरत होती. पुढे कळलं की तिथे या विषाणूचे अनेक प्रकार नांदतात, आणि त्यांतला 'एफ' हा प्रकार विशेष घातक आहे. तो ज्यांच्यात होता, त्या रुग्णांना कॅन्सर इतरांच्या मानाने कितीतरी कमी वयात, अनेकदा ऐन तारुण्यात किंवा त्याच्याही आधी होत होता. ग्रीनलंडमध्येही इनुइट लोकांत हा विषाणू खूप, पण त्याने होणारा यकृताचा कॅन्सर त्या मानाने कमी. तिथे विषाणूचा प्रकार निराळा. 'आर्क्टिकचे मूलनिवासी' असं एकाच झटक्यात म्हणताना हा फरक हातातून निसटतो, म्हणून मी तो मुद्दाम सांगते आहे.

१९८१ साली अमेरिकेत हिपॅटायटिस बीची पहिली लस मंजूर झाली. त्याच वर्षी युपिकांच्या पंधरा गावांतल्या दीड हजारांहून अधिक मुलामाणसांना ती देण्यात आली. ही लस वाहकांच्याच रक्तद्रवापासून बनवलेली होती. विषाणू निष्प्रभ करण्याच्या प्रक्रिया काटेकोर होत्या, पण लवकरच एड्सची भीती पसरली आणि रक्तापासून बनलेल्या लसीबद्दल अमेरिकाभर शंका निर्माण झाल्या. तरीही गावांनी हात पुढे केले. मला हे फार मोठं वाटतं, कारण बाहेरून आलेल्या साथींनी आणि बाहेरून आलेल्या सरकारने या समाजाचं किती नुकसान केलं होतं, हे त्यांच्या घराघरात ठाऊक होतं.

पुढच्या काही वर्षांत पन्नास हजारांहून अधिक मूलनिवासींचं रक्त तपासलं गेलं आणि ज्यांना धोका होता त्यांना लस मिळाली. बेथेल हे त्या भागातलं मुख्य गाव, पण तिथेही बाहेरून रस्ता जात नाही. लस छोट्या विमानांतून, थंड ठेवून पण गोठू न देता न्यायची. ती गोठली तर वाया जाते, आणि बाहेर तर सारंच गोठलेलं! प्रत्येक गावात आरोग्य सेविका होती, त्याच गावची, त्यांचीच भाषा बोलणारी. आपल्या आशाताईंसारखी, असं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ती उभी राहील. डॉक्टर ब्रायन मॅकमॅहन यांचं नाव या कामाशी जोडलं जातं आणि ते योग्यच आहे. पण घरोघर फिरणारी ती बाई नसती तर पुढचे आकडे दिसले नसते.

आकडे असे आहेत. १९८७ मध्ये अलास्काच्या मूलनिवासींत वीस वर्षांखालचे ६५७ वाहक होते. २००८ मध्ये ते दोन होते. १९८४ ते १९८८ या काळात वीस वर्षांखालच्यांत यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण लाखात तीन होतं. १९९५ ते १९९९ मध्ये शून्य झालं, आणि २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तोवर १९९९ नंतर एकही रुग्ण सापडलेला नव्हता. १९८१ मध्ये लस घेतलेल्यांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा मधे बूस्टर न घेतलेल्यांतही नव्वद टक्क्यांहून अधिक जणांना संरक्षण टिकल्याचं दिसलं.

दुसऱ्या विषाणूबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथली गोष्ट अजून अर्धीच आहे. एपस्टाइन-बार विषाणू १९६४ मध्ये सापडला. तो लाळेतून पसरतो आणि जगातल्या बहुतेक माणसांत आयुष्यभर राहतो, सहसा काही त्रास न देता. ग्रीनलंड, कॅनडा आणि अलास्कातल्या इनुइट लोकांत मात्र नाकामागच्या घशाच्या भागात होणारा, या विषाणूशी जोडलेला कॅन्सर जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. मुलांना संसर्ग आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच होतो. त्यात आनुवंशिकतेचा भाग आहे, खाण्यापिण्याचाही असावा. हाच कॅन्सर आपल्याकडे नागालँडमध्ये लक्षणीय आहे, म्हणून आपण तो दूरचा समजू नये. या विषाणूवर अजून लस नाही.

हिपॅटायटिस बीची लस भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०११-१२ पासून देशभर आहे, आणि तिचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो. नातवंड झालं की पेढे वाटण्याच्या गडबडीत एकदा सिस्टरला विचारा, "बाळाला जन्माचा डोस दिला का? कार्डावर लिहिलं का?" मी स्वतः असं कार्ड पाहिलं आहे, ज्यावर तो रकाना कोरा होता आणि बाळ दीड महिन्याचं झालं होतं. त्या आईची रक्ततपासणीही गरोदरपणात झालेली नव्हती.

अलास्कात लस यायच्या आधी जे वाहक झाले, ते आता प्रौढ आहेत, काही वृद्ध आहेत. लस त्यांच्या उपयोगाची नव्हती. १९८२ पासून त्यांच्यासाठी दर सहा महिन्यांनी रक्ततपासणीची पद्धत सुरू झाली. यकृतात गाठ होऊ लागली की रक्तात एक विशिष्ट प्रथिन वाढतं. ते लवकर पकडल्यामुळे काहींच्या गाठी वेळेत काढता आल्या.