टेक्सासात सायलेन्सर: कर गेला, कागद राहिला

[कॅमेऱ्याकडे बघत]

"टेक्सासात आता बंदुकीच्या सायलेन्सरला काही लागत नाही. दुकानात जायचं, पैसे मोजायचे, घेऊन यायचं."

नमस्कार मंडळी. हे वाक्य हल्ली फार कानावर येतंय. कॅटी, शुगर लँड, फ्रिस्को, जिथे जिथे आपली माणसं राहतात आणि शनिवारी शूटिंग रेंजवर जातात, तिथे कुणीतरी हे छातीठोकपणे सांगतंच. यातलं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यात फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, तुरुंगातली दहा वर्षं आहेत. आणि तुम्ही एच-वन-बीवर असाल तर प्रकरण आणखीनच वेगळं होतं. म्हणून आज जरा सविस्तर बोलू. मी वकील नाही. खरेदीच्या आधी वकिलाला गाठायचंच, पण त्याला नेमकं काय विचारायचं हे तरी माहीत असलेलं बरं.

आधी वस्तू काय आहे ते बघू. सिनेमातलं ते "फुट्" पहिलं डोक्यातून काढून टाका. बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी बसवायचा हा धातूचा दंडगोल. आत कप्पे असतात. गोळीमागून सुटलेला तापलेला वायू त्या कप्प्यांत पसरतो, थोडा निवतो आणि मग बाहेर पडतो. आपल्या बुलेट मोटरसायकलच्या सायलेन्सरचं तत्त्व तेच. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, त्यातले २० ते ३५ डेसिबल याने कमी होतात. म्हणजे आवाज होतोच, आणि दणदणीत होतो. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर तिचा स्वतःचा कडाका उठतो, त्याला हा डबा काही करू शकत नाही. अमेरिकेत कामाच्या जागी अचानक होणाऱ्या आवाजाची मर्यादा १४० डेसिबल धरतात. त्याच्या खाली आलं, कान वाचले, शेजाऱ्याची झोप थोडी कमी मोडली, एवढाच हिशोब.

बरं, एवढ्याशा डब्यावर इतका कायदा कशाला? हायरम पर्सी मॅक्झिम नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९०९ मध्ये याचं पेटंट घेतलं. मशीनगनवाला मॅक्झिम तो याचा बाप. बापाने आवाज वाढवला, मुलाने कमी केला, आणि पुढची पंचवीस वर्षं हा माल अमेरिकेत काही डॉलरला उघड विकला जात होता. मग आलं १९३४. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी लोक हादरलेले होते. रूझवेल्ट यांच्या सहीने नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट झाला. मशीनगन, आखूड नळीच्या रायफली, आखूड शॉटगन यांच्या पंगतीत सायलेन्सरही बसला. नोंदणी सक्तीची, आणि प्रत्येक हस्तांतराला २०० डॉलर कर. १९३४ चे २०० डॉलर म्हणजे आजचे साडेचार हजारांच्या वर! वस्तू काही डॉलरची आणि कर दोनशेचा. महसूल गोळा करायला कुणी असा कर लावत नाही. तो लोकांनी घेऊच नये म्हणून लावला होता.

[स्क्रीनवर: २०० डॉलर, १९३४ ते २०२५]

गंमत अशी की हा आकडा पुढे ९१ वर्षं तसाच राहिला. महागाई वाढत गेली आणि जबरी कर हळूहळू नुसता त्रासदायक उरला. मग ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी त्या मोठ्या बजेट कायद्यावर सही केली, आणि १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर, आखूड नळीच्या बंदुका आणि आणखी एका किरकोळ गटावरचा कर शून्य झाला. मशीनगनवर २०० कायम.

नीट ऐका. कर शून्य झाला. नोंदणी शून्य झालेली नाही. फॉर्म तेच, बोटांचे ठसे तेच, फोटो तेच, मंजुरी येईपर्यंत थांबणंही तेच. तुमच्या मित्राने बातमीचा मथळा वाचला आणि तिथेच थांबला.

आता टेक्सास. इथे गोंधळाचं दुसरं मूळ आहे, आणि खरं सांगायचं तर तो गोंधळ ऑस्टिनच्या विधानसभेनेच घातलाय.

पूर्वी टेक्सासच्या दंडसंहितेतल्या कलम ४६.०५ मध्ये बंदी असलेल्या हत्यारांची जी यादी आहे, तिच्यात सायलेन्सर होता. फेडरल नोंदणी असेल तर सूट. २०२१ मध्ये विधेयक ९५७ आलं, गव्हर्नर ॲबट यांनी सही केली, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून सायलेन्सर त्या यादीतून बाहेर पडला. म्हणजे टेक्सास राज्यापुरता तो बाळगणं हा आता गुन्हा नाही. राज्याच्या आणि गावच्या यंत्रणांनी सायलेन्सरबाबतचे फेडरल नियम राबवायचे नाहीत, असंही त्यात आहे. इथपर्यंत ठीक.

पण कायदा पुढे एक पाऊल गेला. तो म्हणतो, सायलेन्सर टेक्सासात बनला असेल, बाहेरच्या राज्याचा किरकोळ स्क्रू-स्प्रिंग सोडून काही त्यात नसेल, त्यावर "मेड इन टेक्सास" असा ठळक शिक्का असेल आणि तो टेक्सासातच राहिला असेल, तर त्याला फेडरल कायदा लागूच नाही. वाचायला झकास! छाती फुगते. बऱ्याच जणांनी इथेच पुस्तक मिटलं. पण त्याच कायद्यात पुढे लिहिलंय की असा सायलेन्सर बनवू इच्छिणाऱ्याने आधी राज्याच्या ॲटर्नी जनरलना लेखी कळवावं, आणि त्यांनी फेडरल कोर्टाकडून हे घटनेला धरून असल्याचा निवाडा मागावा. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनाही पुरेपूर कल्पना होती की नुसत्या शिक्क्याने भागणार नाही.

मग तेव्हाचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन २०२२ मध्ये कोर्टात गेले. २०२३ मध्ये फोर्ट वर्थच्या फेडरल न्यायाधीशांनी दावा काढून टाकला, २०२४ मध्ये पाचव्या सर्किटने, म्हणजे टेक्सासवरच्या फेडरल अपील कोर्टाने, तेच कायम केलं. कारण? दावा लावायला लागतो तो प्रत्यक्ष अधिकार वादींकडे दिसत नाही. मूळ प्रश्नाला कोर्टाने हातही लावला नाही. म्हणजे "मेड इन टेक्सास"चा परिच्छेद आजही पुस्तकात आहे आणि त्याच्या भरवशावर तुम्हाला कुणीही वाचवणार नाही.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. कॅन्सस राज्याने २०१३ मध्ये अगदी असाच कायदा केला होता. तिथल्या शनूट गावात लष्करी जुन्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या एकाने त्या कायद्यावर विसंबून सायलेन्सर बनवून विकले. विकत घेणाऱ्यांत एक माजी सैनिक. दोघांवर फेडरल खटला झाला, दोघे दोषी ठरले. दहाव्या सर्किटने २०१८ मध्ये शिक्षा कायम केली, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायलाच नकार दिला. त्यांना तुरुंग नाही, प्रोबेशन मिळालं, पण फेडरल गुन्हेगार हा शिक्का आयुष्यभराचा. राज्याचा कायदा खरा समजून वागलो, हा बचाव चालला नाही. मला विचाराल तर यात त्या दोघांपेक्षा कॅन्ससची राजधानी टोपेकातल्या आमदारांचा दोष जास्त आहे. टाळ्या त्यांना मिळाल्या, कोर्टात उभं राहायला भलतेच.

तर मग आज टेक्सासात रीतसर सायलेन्सर घ्यायचा म्हणजे काय करायचं?

[कार्ड कॅमेऱ्यासमोर धरून]

हे बघा. एफडी-२५८, ठशांचं कार्ड. वर नाव, जन्मतारीख, नागरिकत्वाचा रकाना, खाली दहा बोटांचे दहा चौकोन आणि त्याखाली चार बोटं एकत्र. ठसा पुसट आला की अर्ज परत येतो. वर्षानुवर्षं भांडी घासलेल्या किंवा सिमेंटमध्ये काम केलेल्या हातांचे ठसे नीट उठत नाहीत, हा अनुभव ग्रीन कार्डच्या बायोमेट्रिक्सला बऱ्याच जणांनी घेतलेला असेल. आता पुष्कळ दुकानांत मशीनवरच ठसे घेतात. सोबत दोन इंच बाय दोन इंचाचा फोटो, अमेरिकेतून भारतीय पासपोर्टच्या नूतनीकरणाला देतो त्याच मापाचा. हा मात्र एकाच फेरीत मंजूर होतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

दुकानदार साधा बंदूकविक्रेता असून चालत नाही, त्याच्याकडे या गटाच्या मालाचा वेगळा दर्जा लागतो. तुम्ही वय वर्षं २१ पूर्ण. पैसे आधी भरायचे. मग फॉर्म ४, म्हणजे हस्तांतराचा अर्ज, तो एटीएफकडे, म्हणजे बंदुकांवर नजर ठेवणाऱ्या फेडरल खात्याकडे, जातो. एक प्रत तुमच्या भागातल्या शेरीफला किंवा पोलीसप्रमुखाला. पूर्वी त्यांची सही लागायची आणि काही साहेब सहीच करत नसत. २०१६ पासून नुसतं कळवायचं. मंजुरी येईपर्यंत तुमच्या पैशाचा सायलेन्सर दुकानदाराच्या तिजोरीत. घरी नाही, गाडीत नाही, "दोन दिवस वापरून बघतो" नाही. कागदी अर्जांच्या काळात हे वर्षभरही चालायचं, ऑनलाइन अर्ज आल्यापासून बरंच लवकर होतं.

इथे नवरा-बायकोंनी कान टवकारावेत. सायलेन्सर एकट्याच्या नावावर असेल तर तो त्या एकट्याच्याच ताब्यात असला पाहिजे. तुम्ही पुण्याला गेलात, घरी बायको, आणि तिजोरीचा नंबर तिला ठाऊक, तर कायद्याच्या काटेकोर नजरेने ताबा कुणाचा? म्हणून इथले लोक ट्रस्ट करतात. ट्रस्टमध्ये जितके जबाबदार सदस्य, तितक्यांचे ठसे आणि फोटो. कटकट वाढते, पण रात्रीची झोप लागते.

आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ते "सॉल्व्हेंट ट्रॅप" आणि "फ्युएल फिल्टर"? बंदूक साफ करायचं सामान म्हणून विकतात. कायद्याच्या व्याख्येत सायलेन्सर बनवण्यासाठी जमवलेले सुटे भागही सायलेन्सरच असतात. पार्सल आलं की मागोमाग एटीएफ येऊ शकते. नाद करू नका.

आता ज्याच्यासाठी मी हा व्हिडिओ करायला बसले तो भाग. व्हिसा.

फेडरल कायद्यात "फायरआर्म" या व्याख्येतच सायलेन्सर धरलेला आहे, बंदुकीला लावलेला नसला तरी. आणि एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फायरआर्म किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. विकत घेणं तर लांबच. काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्या तरी राज्याचा चालू हंटिंग लायसन्स. म्हणून रेंजवर तुमचा भारतीय पासपोर्ट बघितला की काउंटरवरचा माणूस लायसन्स मागतो. त्याचा राग धरू नका, तो तुमच्यावर उपकार करतोय.

आणि इथे टेक्सासचा एक सापळा आहे. रानडुकरांनी इथल्या शेतीचा उच्छाद मांडलाय, लाखोंनी आहेत ती. सायलेन्सरचा इथे सगळ्यात प्रामाणिक उपयोग होतो तो त्यांच्यासाठीच: एक गोळी झाडली की अख्खा कळप उधळू नये. २०१२ पासून टेक्सासात सायलेन्सर लावून शिकार चालते. २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुकरं मारायला हंटिंग लायसन्स लागत नाही. आता डोक्यात मांडा. रॅंचवाला मित्र म्हणतो, "लायसन्सची गरज नाही, ये." राज्यापुरतं तो बरोबर बोलतोय. पण एच-वन-बीवाल्याच्या हातात ती रायफल फेडरल कायद्याने तेव्हाच चालते, जेव्हा त्याच्या खिशात लायसन्स असतो! मित्राला तो नको, तुम्हाला हवाच. शिवाय टेक्सासचा वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतो, तुम्ही जुलैत काढला असला तरी. १ सप्टेंबरला तुम्ही पुन्हा मनाई असलेल्या यादीत.

ग्रीन कार्डवाल्यांना खरेदी करता येते. पण शस्त्रांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी नागरिक, ग्रीन कार्ड असलं तरी, देशाबाहेर काढला जाऊ शकतो. त्या कलमात भाग आणि ॲक्सेसरी हे शब्दही आहेत. कॅन्ससमधला तो माजी सैनिक निदान स्वतःच्या देशात राहिला.

कर शून्य झाल्यावर नोंदणीचा आधारच काय उरला, हा प्रश्न रास्त आहे. १९३७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा उचलून धरला तो काँग्रेसच्या कर लावण्याच्या अधिकारावरच. याच मुद्द्यावर टेक्सासच्या फेडरल कोर्टात दावा दाखल झालाय. दुसरीकडे पाचव्या सर्किटने २०२५ मध्ये लुइझियानातल्या एका खटल्यात सायलेन्सरची नोंदणी घटनेत बसते असंच म्हटलंय, आणि टेक्सास त्याच सर्किटमध्ये येतं. दाव्याचं काय व्हायचं ते होवो, निकाल लागेपर्यंत नोंदणी चालू आहे.

शेवटचं, नोकरी बदलणाऱ्यांसाठी. सायलेन्सर दुसऱ्या राज्यात न्यायला एटीएफची आगाऊ परवानगी लागत नाही, आखूड रायफलीला लागते. पण आठ राज्यांत सामान्य माणसाला तो बाळगताच येत नाही: कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, डेलावेअर आणि हवाई. यादी परत बघा. डॅलसहून बदली होऊन आपली माणसं जातात कुठे? कॅलिफोर्नियातला बे एरिया, न्यू जर्सीतलं एडिसन, इलिनॉयमधलं शिकागो. मूव्हर्सच्या ट्रकमध्ये खोकं टाकायच्या आधी तो विकायची किंवा टेक्सासातल्याच परवानाधारक दुकानदाराकडे रीतसर सोपवायची सोय करा, आणि त्याला पुन्हा फॉर्म ४ आणि मंजुरीची वाट आहे, म्हणजे ऑफर लेटर हातात पडल्याच्या आठवड्यातच सुरुवात करा.