तिथी पाहून गुहागरला

मघाशी ओळख करून देताना मला ‘गुहागरचे अभ्यासक’ म्हटलं गेलं. अभ्यासक वगैरे काही नाही हो. दर थंडीत तिथं जातो आणि चालतो, एवढंच. त्यामुळे प्रेक्षणीय स्थळांची यादी मी देणार नाही. ती तुमचा खाणावळवाला जेवण वाढता वाढता देईल. मी सांगणार आहे ते कधी जायचं, याबद्दल. आपण सगळे शनिवार-रविवार बघून निघतो. मी म्हणतो, तिथी बघून निघा.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहाला, पहाटेही आणि संध्याकाळीही. घड्याळाला काटेकोर जुळत नाही, थोडं मागंपुढं होतं, पण चालणाऱ्याला तेवढं पुरतं. आता बघा, अष्टमीला तुम्ही पहाटे हौसेनं समुद्रावर गेलात, तर भरती. भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरतीचं पाणी फार चढत नाही हे खरं, पण चालायला लागणारा ओला, घट्ट पट्टा नेमका पाण्याखाली जातो आणि भुसभुशीत वाळूत पाय ओढत बसावं लागतं. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यातून सहा तास वजा करा, पहाटे पाचला ओहोटी. शिवाय उधाणाचे दिवस, म्हणजे पाणी जितकं चढतं तितकंच लांब हटतं. उजाडताना जवळजवळ सहा किलोमीटरची पुळण तुमच्यासमोर मोकळी असते.

गाव या पुळणीला समांतर, लांबच लांब पसरलेलं आहे. एका रस्त्यावर व्याडेश्वराचं देऊळ, दोन्ही अंगांना घरं, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, मग सुरूचं बन आणि मग पाणी. कुठल्याही बेड्यातून, म्हणजे घराच्या आवाराच्या वाटेतून, समुद्राच्या दिशेनं निघालात की चुकायची सोय नाही. फक्त वाडी कुणाची तरी असते, विचारून जा.

पहाटे वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, ती चिमुकल्या खेकड्यांची. त्यांनी वाळूतलं खाणं काढून घेऊन उरलेली वाळू गोळी करून टाकलेली असते. थंडीत पाण्याच्या कडेला कुरव पक्ष्यांचे थवे बसतात. फोटोसाठी त्यांच्यात पळत जाऊ नका. ते हजारो किलोमीटर उडून आलेले असतात, तुमच्यासाठी पुन्हा उडायचं त्यांना काही कारण नाही.

आणि नशीब असेल तर पाण्यातून वर सुरूकडे गेलेला, ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसेल. ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री येऊन अंडी घालून गेली. पण तुमच्या आधी कासवमित्र तिथं पोचलेला असतो. कुत्री-कोल्हे उकरतात म्हणून शंभरेक अंडी काढून कुंपणातल्या उबवणी केंद्रात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, कमी तापली तर नर.

या कासविणींबद्दल पूर्वी समज असा, की पूर्व किनाऱ्यावरच्या वेगळ्या, आपल्या वेगळ्या. 2023 मध्ये गुहागरला बागेश्री नावाच्या कासविणीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला. ती दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. मग जानेवारी 2025 मध्ये उलटं घडलं. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला ओळखीसाठी लावतात ती धातूची पट्टी आधीच होती, क्रमांक 03233. ती पट्टी 2021 मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला लावलेली! मधलं अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. मला विचाराल तर अख्ख्या गुहागरात याहून मोठी बातमी नाही, आणि ती एका धातूच्या पट्टीवरच्या पाच आकड्यांनी दिली.

जवळच अंजनवेलला गोपाळगड आहे, दीपगृह आहे. सकाळी समुद्र शांत असला तर तिथून डॉल्फिनच्या पाठी दिसतात. एक दिवस तिकडे द्या. परतीला धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळला उतरा.

पिल्लं नक्की दिसतील का, हा प्रश्न दरवेळी येतो. नाही, नक्की नाही. त्यांना वेळापत्रक नसतं. एकदा एक गृहस्थ भांडत होते, की आम्ही एवढ्या लांबून आलोय, एखादं तरी काढून दाखवा. दिसली, तर दोरीच्या अलीकडे उभे राहा आणि मोबाइलचा दिवा बंद ठेवा, कारण पिल्लू उजेडाकडे वळतं. मागच्या खेपेला कुणीतरी लावलाच. एक पिल्लू समुद्राकडे पाठ करून आमच्याकडे यायला लागलं. माझ्या शेजारी गावातल्या एक आजी उभ्या होत्या. आधी त्या दिवेवाल्यावर खेकसल्या, मग खाली वाकून पिल्लाला म्हणाल्या, “अरे बाळा, इकडे काय आहे? पाणी तिकडे!”