महाडीबीटी: पैसे नेमके कुठे अडतात?

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीच्या अर्जांचं संकेतस्थळ. त्याचा फॉर्म भरणं फार अवघड नाही. घोळ होतो तो एकतर फॉर्मच्या आधी, नाहीतर ‘सबमिट’ दाबल्यावर. म्हणून फॉर्मबद्दल आज थोडंच बोलतो.

आधी बँक. शिष्यवृत्ती आधार क्रमांकावरून जमा होते. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था, तिच्या नोंदीत तुमचा आधार ज्या बँकेशी जोडलेला असेल, पैसे तिथंच पडणार. काउंटरवर विचारलंत की उत्तर येतं, ‘आधार लिंक आहे.’ ते पुष्कळदा केवायसीपुरतंच, म्हणजे ओळख पटवण्यापुरतंच असतं. तुम्ही ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग करायचंय’, म्हणजे एनपीसीआयच्या नोंदीत आधार या खात्याशी जोडायचाय, असं स्पष्ट सांगा, संमतीचा फॉर्म द्या आणि काही दिवसांनी ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ तपासा. बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ दिसलं पाहिजे. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते. मध्येच दुसरं खातं उघडताना तिथं संमतीच्या चौकटीत टिक केली, की जुनी नोंद गेली. मग मुलगा जुन्या पासबुकात एन्ट्री मारत राहतो आणि रक्कम भलत्याच खात्यात पडलेली असते. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेलं ‘स्मॉल अकाउंट’ही नको. त्यातून महिन्याला १०,००० रुपयांहून जास्त काढता येत नाहीत, त्यामुळे मोठी रक्कम आली तरी अडकून राहते.

दाखल्यांचं म्हणाल तर उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचाच हवा. त्यावरची ‘३१ मार्चपर्यंत वैध’ ही ओळ वाचा. गेल्या वर्षीचा दाखला जोडणारे दरवर्षी निघतातच! अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नमर्यादा अडीच लाख, त्यापुढे फ्रीशिप, म्हणजे फक्त फीची सवलत. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेला ८ लाख.

फॉर्ममध्ये सगळ्यात जपून भरायचा भाग म्हणजे चालू अभ्यासक्रम. तिथं निवडाल त्याच कॉलेजच्या लॉगिनला अर्ज जातो. एकाच संस्थेची सारख्या नावाची दोन कॉलेजं असली की चुकीचं निवडलं जातं, आणि तुमचा क्लार्क म्हणतो, ‘अर्ज आलाच नाही.’ तो खरंच बोलत असतो. वर्ष चुकलं तर फीचा आकडाही चुकतो.

सबमिटनंतर अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे, मग योजना चालवणाऱ्या सरकारी विभागाकडे. त्रुटी निघाली की तो ‘सेंड बॅक’ होऊन तुमच्याच खात्यात येऊन पडतो. दुरुस्त करून पुन्हा सबमिट केला नाहीत तर तिथंच राहतो. अर्ज नाकारला असं यात होत नाही, पण मुदत उलटली तर परिणाम तोच. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करा. नोंदणीला सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर दिलाय, असं इथं किती जणांचं झालंय? संदेश त्यालाच जाणार. तो नंबर आजच बदला, पासवर्डही वहीत लिहून ठेवा. नूतनीकरणाला पुढच्या वर्षी हेच लॉगिन लागतं.