नाकाबंदीत हात दाखवला तर

श्रोतेहो, नमस्कार.

रात्रीचे अकरा वाजलेत. चौकात बॅरिकेड आडवी लावलीत, टॉर्च हलतोय आणि तुम्हाला गाडी बाजूला घ्यायची खूण झालीय. अशा वेळी गल्लीत वळून सटकायचा मोह आवरा. पळणाऱ्यावर जो संशय बसतो, तो नंतर सगळे कागद दाखवले तरी पुसला जात नाही.

इंडिकेटर देऊन गाडी डावीकडे घ्या. इंजिन बंद करा, काच खाली घ्या, आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर दिसू द्या. दुचाकी असेल तर स्टँडवर लावून हेल्मेट काढा. डिकीत हात घालण्याआधी सांगा, "साहेब, कागद डिकीत आहेत, काढतो." अंधारात समोरच्यालाही तुमच्या हातांची धास्ती असतेच.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 नुसार गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की लायसन्स दाखवावं लागतं. साध्या वेशातला कोणी मागत असेल तर आधी त्याचं ओळखपत्र बघायला मागा, पण नम्रपणे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स, आरसी चालते. गॅलरीतला फोटो मात्र डिजिलॉकर नव्हे, आणि बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. घाटात रेंज नसते, म्हणून ॲप निघण्याआधीच उघडून ठेवा. लायसन्स ताब्यात घेतलं तर पावती मागाच. कलम 206 प्रमाणे ती द्यावी लागते आणि लायसन्स परत मिळेपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येते.

किल्लीवरून तर रोज भांडणं होतात. गाडी जप्त करायची तर कलम 207 आहे, पण त्याचा रीतसर कागद होतो. नुसती किल्ली उपसून खिशात टाकावी, अशी तरतूद या कायद्यात नाही. तरीसुद्धा किल्लीसाठी झटापट करू नका. हजार रुपयांच्या चलनाची गोष्ट मग "353 लावला" इथपर्यंत जाते. सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडवायला हल्ला किंवा बळजबरी करण्याचं, जुन्या दंड संहितेतलं ते कलम आता भारतीय न्याय संहितेत 132 झालंय, आणि ते अजामीनपात्र आहे. त्यापेक्षा नेमप्लेटवरचं नाव, चौक आणि वेळ लिहून घ्या. पावतीशिवाय पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक आहे 1064.

दारूच्या तपासणीचं जरा सविस्तर सांगायला हवं. मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. यंत्रात फुंकण्याआधी नवी नळी मागा आणि यंत्र शून्य दाखवतंय ना, ते बघा. नुकतंच अल्कोहोल असलेलं माउथवॉश वापरलं असेल तर तोंडातल्या अंशामुळे आकडा फुगतो. तसं सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकू द्यायची विनंती करा. "फुंकणारच नाही" हा पवित्रा महागात पडतो. नकार दिला आणि दारूचा वाजवी संशय असला, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. हे प्रकरण कोर्टात जातं, रस्त्यावर तडजोड नाही. म्हणजे "इथेच मिटवू" म्हणणारा काय मिटवतोय, ते समजून घ्या.

आणि "चला ठाण्यात" म्हटलं तर? आधी एकच प्रश्न विचारा: "मला अटक केलीय का?" अटक असेल तर कारण सांगावं लागतं. हे संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्येच आहे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही. घरच्यांना किंवा मित्राला कळवायचा हक्क आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र पूर्ण वेळ तो शेजारी बसेल असं नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण लागतं, महिला अधिकारी लागते आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची. नुसता साक्षीदार म्हणून बोलावलं असेल, तर स्त्रियांना आणि साठीपुढच्यांना ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं.

अटकेचा पंचनामा, म्हणजे अरेस्ट मेमो, घाईत सही करण्याचा कागद नव्हे. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष लागते आणि तुमची सही. कोऱ्या जागेखाली सही नको. सगळ्यात आधी वेळेच्या रकान्यावर बोट ठेवा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं असतं. नऊला धरलं आणि मेमोवर दोन लिहिलं, तर पाच तास गेले. वेळ चुकीची असेल तर सहीशेजारी खरी वेळ स्वतःच्या अक्षरात लिहा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक घरच्यांना पाठ करून ठेवायला सांगा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.