आवाज कुठे अडला? छोट्या गिटार अ‍ॅम्पचं निदान

[दृश्य: टेबलावर उघडा बोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी, छोटा स्पीकर.]

नखाएवढी काळी चिप, आठ पिनांची. नाव एलएम ३८६. घरच्या घरी गिटारचा छोटा अ‍ॅम्प करायचा म्हटलं की बहुतेक जण हिच्यापाशी येतात, आणि ते योग्यच आहे. एक बॅटरी, मोजके कपॅसिटर, आवाज कमी-जास्त करणारा एक पॉट आणि ८ ओहमचा स्पीकर एवढ्यावर काम भागतं. ताकद अर्ध्या वॉटच्या आसपास. खोलीत बसून वाजवायला ती पुष्कळ झाली.

बोर्ड जोडला, बॅटरी लावली, तार छेडली, आणि स्पीकर गप्प. अशा वेळी हात आधी चिप उपटायला जातो. तो आवरा. दोष बहुधा जोडणीत असतो, म्हणून आधी मल्टीमीटर हातात घ्या.

[दृश्य: मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल तार पिनांवर फिरते आहे.]

सहाव्या पिनवर बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज हवं, चौथीवर शून्य. आता पाचवी, म्हणजे आउटपुट. इथे जरा थांबू, कारण या एका मोजमापात निम्मं निदान होतं. गिटार शांत असताना पाचव्या पिनवर बॅटरीच्या साधारण निम्मं, म्हणजे ४.५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. आवाजाच्या लाटेला वर-खाली सारखीच जागा मिळावी म्हणून चिप स्वतःच हा मध्य धरून ठेवते. तो दिसला तर चिप बहुतेक ठीक आहे. दोष बाहेर शोधा. शून्य किंवा थेट ९ दिसले तर ग्राउंड, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाची जोडणी, सुटलंय का, दोन पिनांमध्ये सोल्डर ओघळलंय का, चिप उलटी बसलीय का, हे बघा. चिपवरची खाच वर धरली की डावीकडची सर्वांत वरची पिन पहिली. तिथून डाव्या बाजूने खाली आणि मग उजवीकडून वर मोजायचं.

पाचवी पिन आणि स्पीकर यांच्यामध्ये २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, धन टोक चिपकडे. तो शॉर्ट असेल तर बॅटरी लावताच स्पीकरचा कोन एका बाजूला सरकतो आणि तिथेच राहतो.

[दृश्य: स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिसऱ्या पिनवर, बोट धातूच्या दांड्याला.]

पॉट पूर्ण उघडा आणि तिसऱ्या पिनला, म्हणजे इनपुटला, असा स्पर्श करा. बोटातून घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण आत जाते. तिसऱ्या पिनवर ती किंवा निदान खरखर ऐकू आली, पण जॅकच्या, म्हणजे गिटारची केबल लागते त्या खोबणीच्या, टोकाला आली नाही, तर दोष त्या दोन जागांच्या मधेच आहे. असं स्पीकरकडून जॅककडे मागे मागे येत गेलं की शोध आपोआप अरुंद होतो.

आता दुसरी तक्रार: आवाज येतो, पण सोबत शिट्टीही. पहिली आणि आठवी पिन मोकळी असेल तर ही चिप सिग्नल २० पट वाढवते. त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की २०० पट. त्या कपॅसिटरचा एक पाय सोडवून बघा. शिट्टी थांबली, तर आउटपुटचा थोडा अंश इनपुटमध्ये परततोय. इनपुटची वायर आखूड करा, शील्डेड (जाळीचं आवरण असलेली) घ्या, स्पीकरच्या वायरपासून लांब न्या. पाचव्या पिनवरून ग्राउंडकडे १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापाठोपाठ जोडलेले हवेत. आवाज येतोय म्हणून पुष्कळ जण ही जोडी गाळतात. गाळू नका. कानाला ऐकू न येणारं कंपनही चालू राहू शकतं, आणि मग गिटार न वाजवताही चिप तापते.

शिट्टीऐवजी लाँचच्या इंजिनासारखी पुटपुट येत असेल तर बॅटरी बघा. ती थकली की आतला रोध वाढतो आणि प्रत्येक मोठ्या सुरागणिक व्होल्टेज खाली कोसळतं. नवी बॅटरी लावा, आणि सहाव्या पिनच्या अगदी जवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला जोडा.

राहिला बोदा आवाज. सगळं चालतंय, पण तारेची धार गेलीय. या चिपचा इनपुट रोध साधारण ५० किलोओहम. गिटारच्या पिकअपला (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाला) मात्र मेगाओहमच्या घरातला रोध मानवतो. म्हणून इनपुटला जेफेटचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) बफर, म्हणजे पिकअपवर भार न टाकणारा टप्पा, बसवावा; त्याच्या गेटवरून, म्हणजे सिग्नल आत येतो त्या पायावरून, ग्राउंडला १ मेगाओहम. मला तरी त्याशिवाय हा अ‍ॅम्प अपुराच वाटतो. जेफेटचे पाय नंबरानुसार वेगळ्या क्रमाने असू शकतात, तेव्हा डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, बघूनच जोडा. मग सोर्सवर, म्हणजे सिग्नल बाहेर पडतो त्या पायावर, व्होल्टेज मोजा: शून्याच्या वर काही व्होल्ट दिसले, की गिटार लावा.