पांढरी पाचचा हम

(काळा पडदा. फक्त आवाज: घुंऽऽऽ)

हा आवाज नीट ऐका. गिटारच्या तारेला कुणी हात लावलेला नाही, व्हॉल्यूम शून्यावर आहे, तरी स्पीकर घुमतोय. या घुमण्यालाच म्हणतात हम.

(दृश्य: वडसा. रेल्वे फाटक, धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर, रेडिओ दुरुस्तीचं जुनं दुकान)

गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजेच देसाईगंज. धान घरात आलं की पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो थेट होळीपर्यंत. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. नाटक उजाडेपर्यंत चालतं आणि वादकही तोवर जागेवर असतात. त्यांतल्याच एका तरुण गिटारवाल्याने आज आपला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा अँप्लिफायर या दुकानात, दुरुस्ती करणाऱ्या काकाजींकडे आणलाय. रात्री प्रयोग आहे.

“काकाजी, सगळेच व्हॉल्व्ह बदलून टाका ना जी,” तो म्हणतो.

“थांब ना बाबू. आधी ऐकू तर दे, तो काय म्हणते ते.”

काकाजी पेचकस हातात घेत नाहीत. ते मुलाला गिटार घ्यायला सांगतात. सगळ्यांत जाड तार, तिसरा पडदा (फ्रेट). मुलगा तार छेडतो. स्पीकरमधला हम आणि तारेचा स्वर जवळजवळ एकमेकांवर बसतात. किंचित फरकाने लहरतात, पण घर एकच. पेटीवाल्यांच्या भाषेत ही पांढरी पाच.

निदान निम्मं इथेच झालं. आपल्याकडे वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते. अँप्लिफायरमध्ये ती एकदिश करताना प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे वापरले जातात, म्हणून मागे उरणारी लहर 100 हर्ट्झची असते. त्या तारेचा तिसरा पडदा 98 हर्ट्झचा. म्हणजे ही गुणगुण पुरवठ्यातून येतेय, ती लहर सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरकडून. हम याहून एक सप्तक खाली, गिटारवर सापडतच नाही इतका खर्जात असता, तर संशय वेगळीकडे गेला असता: व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटच्या 6.3 व्होल्टच्या तारांकडे, केबलच्या शील्डकडे, अर्थिंगकडे. मीटर न लावता, फक्त कानाने एवढं कळतं. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी रात्रभर घरातल्या पंख्यापासून पंपाच्या स्टार्टरपर्यंत सगळ्यांचे स्वर लावत बसलो होतो.

(दृश्य: चेसिस, म्हणजे अँप्लिफायरचा धातूचा सांगाडा, उलटी. चार व्हॉल्व्ह, मळकट कंडेन्सर)

आत स्पीकरला जोर देणारे दोन ईएल 84 आणि त्याआधी आवाज वाढवणारे दोन ईसीसी 83, असे व्हॉल्व्ह. व्हॉल्यूम शून्यावर असूनही हम तेवढाच, म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या पुढे. खात्रीसाठी काकाजी अँप्लिफायर बंद करतात, गार होऊ देतात, फडक्याने धरून पहिला ईसीसी 83 काढतात आणि पुन्हा चालू करतात. हम तसाच. मग दुसरा काढतात. हम जरा दबतो, पण जात नाही. पुढच्या टप्प्यावरून मागे येत बोट एकाच जागेवर ठरतं: फिल्टर कंडेन्सर.

आता एक गोष्ट, ज्यावर काकाजी आवाज चढवतात. प्लग काढला म्हणजे हा डबा मेला असं नाही. या कंडेन्सरांवर 300 व्होल्टपेक्षा जास्त दाब साठून राहतो. ते 10 किलोओहमचा जाडजूड रेझिस्टर लावून डिस्चार्ज करतात आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात आत घालत नाहीत. पेचकसाने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणाऱ्याला ते दुकानात उभं करत नाहीत. एक हात नेहमी खिशात, म्हणजे चुकून धक्का बसलाच तर करंट छातीतून जाणार नाही.

डिस्चार्ज झाल्यावर जुन्या कंडेन्सरच्या समांतर एक चांगला 47 मायक्रोफॅरड, 450 व्होल्टचा कंडेन्सर जोडतात, टोकं नीट बघून. डबा चालू होतो, व्हॉल्व्ह हळूहळू तापतात...

(आवाज: शांतता. मग एक बारीक खरखर)

हम गेला.

आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या यंत्राचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. कंडेन्सरमधला ओलावा उडतो, तो आतून सुकतो आणि त्याची साठवण घटते. जुने कंडेन्सर उपटून नवे बसवण्यात दुपारचा एक तास जातो.

आता राहिली ती खरखर. गरम कढईत पाणी शिंपडल्यासारखी, मधूनच उसळणारी. मुलाचा रोख अजून व्हॉल्व्हवरच. काकाजी दोन्ही ईसीसी 83 एकमेकांच्या जागी बसवतात. खरखर होती तिथेच. पेन्सिलीने काचेवर टिचकी मारतात. व्हॉल्व्ह घंटेसारखा वाजत नाही, म्हणजे तो मायक्रोफोनिक, धक्क्याचाही आवाज करणारा, नाही. संशय जातो व्हॉल्व्हच्या प्लेटशी जोडलेल्या 100 किलोओहमच्या जुन्या कार्बन रेझिस्टरवर. त्याच्या जागी मेटल फिल्मचा लागतो आणि कढई गप्प होते. त्या व्हॉल्व्हला उगाच गुन्हेगार ठरवलं असतं, तर चांगली वस्तू वाया गेली असती. ‘बदलून बघू’ म्हणत किती चांगले जुने व्हॉल्व्ह भंगारात गेले, याचं मला वाईट वाटतं.

(दृश्य: रात्र. मंडप, गर्दी, अंगावर शाली)

प्रयोगाच्या जागी नवीच गुणगुण, धारदार. रंगमंचावरचे दिवे डिमरने निम्मे केले की ती वाढते, पूर्ण पेटवले की ओसरते. हा दोष डब्यातला नाही. डिमरचा गोंगाट गिटारचं पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबक-वेटोळं, हवेतून उचलतं. कुणीतरी म्हणतं, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, आवाज जाईल. काकाजी हात धरतात. चेसिसवर दाब आला तर गिटारच्या तारांमधून तो थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो. ही पिन काढायची नाही, कधीच नाही. त्याऐवजी ते मंडपामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात, मीठ-कोळशावर, दोन बादल्या पाणी ओततात, अँप्लिफायर दिव्यांच्या लाइनवरून काढून वेगळ्या लाइनवर लावतात आणि मुलाला सांगतात, “आता तू फिर.”

मुलगा गिटार घेऊन खुर्चीवरच हळूहळू फिरतो. आवाज चढतो, उतरतो. ऑर्गनकडे तोंड आणि रंगमंचाकडे खांदा, अशा एका कोनात गुणगुण जवळजवळ विझते.

नांदी सुरू होते. तिन्ही अंक तो तसाच, तिरका बसून वाजवतो.